हरवलेली डीएलएल भलतीकडून आणू नका

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना लागणारे अनेक प्रोग्राम युनिक्स किंवा लिनक्ससाठी लिहिलेले असतात. हाताशी असलेला संगणक मात्र बहुधा विंडोजचा असतो. अशा वेळी ‘सिगविन’ उपयोगी पडते. अमेरिकेतील सिग्नस सोल्यूशन्स कंपनीत १९९५ मध्ये हे काम सुरू झाले. युनिक्स पद्धतीच्या प्रोग्रामची मागणी विंडोजला समजेल अशा रूपात पोचवणारी ‘सिगविन१.डीएलएल’ ही फाइल त्याचा कणा आहे.

अशा फाइलला सामायिक लायब्ररी म्हणतात. अनेक प्रोग्रामना लागणारे काम एकाच फाइलमध्ये ठेवले की जागा वाचते आणि दुरुस्तीही एकदाच करावी लागते. पण एका लायब्ररीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी. या साखळीतली एक कडी निखळली तरी प्रोग्राम सुरू होत नाही. कधी हरवलेल्या फाइलचे नाव दिसते, तर कधी प्रोग्राम काहीही न सांगता बंद पडतो.

इथेच अनेकजण घाई करतात. फाइलचे नाव इंटरनेटवर शोधून मिळेल त्या संकेतस्थळावरून ती उतरवतात. त्या फाइलमध्ये व्हायरस असू शकतो. ती चुकीच्या आवृत्तीची किंवा ६४ बिटऐवजी ३२ बिटची असली, तरी चालणार नाही.

योग्य मार्ग असा. सिगविनच्या टर्मिनलमध्ये ‘सिगचेक’ ही आज्ञा देऊन पुढे प्रोग्रामचा पूर्ण मार्ग लिहा. कोणत्या लायब्ररी लागतात, त्या कोणत्या फोल्डरमधून घेतल्या जातात आणि कोणती सापडत नाही, हे समोर येते. हरवलेली फाइल ज्या पॅकेजमध्ये आहे, ते सिगविनच्या अधिकृत सेटअपमधूनच बसवा.

सर्व फाइली असूनही अडचण येत असेल, तर संगणकावर सिगविन१.डीएलएलच्या किती प्रती आहेत ते पाहा. काही सॉफ्टवेअर स्वतःची प्रत सोबत आणतात. विंडोज आधी प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये शोधते आणि तिथे व सिस्टिमच्या फोल्डरमध्ये न मिळाल्यास ‘पाथ’च्या यादीतील क्रमाने पुढे जाते. त्यामुळे जुनी प्रत आधी सापडू शकते आणि दोन आवृत्त्यांची टक्कर होते. दुसऱ्या सॉफ्टवेअरची प्रत थेट पुसू नका. आधी पाथमधला क्रम बदलून पाहा.

औषधाआधी निदान, हा नियम संगणकालाही लागू आहे.