मेजर ठरत नाहीये?

बारावीचा निकाल हातात, पण विषय ठरलेला नाही, अशांना राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने थोडी सवड दिली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाच्या, म्हणजे दुसऱ्या सत्राच्या अखेरीस मुख्य विषय (मेजर) बदलता येतो. मात्र तो त्याच ज्ञानशाखेतला असावा आणि महाविद्यालयात जागा असावी. इथेच घोडं अडतं. कागदावर पर्याय भरपूर दिसतात, पण लहान महाविद्यालयात शिक्षक असतील तेवढेच विषय मिळतात. म्हणून माहितीपुस्तिकेतल्या मेजरबरोबर कोणते दुय्यम विषय (मायनर) खरोखर शिकवले जातात, हे प्रवेशाआधीच विचारा.

पदवीला तीन वर्षांत किमान 120 श्रेयांक (क्रेडिट) लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला 160. मध्येच थांबल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका मिळू शकते; त्यासाठी 4 श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम वेगळा करावा लागतो. संशोधनासह ऑनर्स हवं असेल, तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत. मिळवलेले श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात.

ही लवचीकता सगळीकडे नाही. बारावीला गणित नसेल तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा बंद होतात. उलट, पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुला आहे. मित्राने घेतला म्हणून विषय घेण्यापेक्षा दोन-तीन विषयांचे पहिल्या सत्राचे अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून वाचा.