धवलारीण आणि तिचे धवळे

ठाणे, कल्याण, डोंबिवली ही लोकलची स्थानकं होण्याआधीपासून या परिसरात आगरी-कोळ्यांची गावं आहेत. या समाजांतल्या लग्नात विधी चालवणारी, त्या-त्या विधीचं गाणं म्हणणारी जाणती बाई म्हणजे धवलारीण. ती गाते ते धवळे. पाठांतर हीच तिची पोथी. शिकायचं ते मोठ्या बायकांच्या शेजारी बसून, ऐकून. वारली लग्नांतही धवलेरीचा असाच मान असतो.

परंपरा फार जुनी. तेराव्या शतकात महदंबेने रचलेले धवळे मराठी साहित्याच्या इतिहासात आद्य कवयित्रीची रचना म्हणून शिकवले जातात. आगरी धवलारणीचं नाव मात्र बहुधा लग्नपत्रिकेतही नसतं. ही उणीव मोठी आहे.

नोंद कशी करावी, याचा धडा पुण्याच्या हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी घालून दिला. त्यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्याही गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासह.

धवळ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट टिपायला हवी : गाणारीचं माहेर. गाणं लेकीबरोबर सासरी येतं, म्हणून डोंबिवलीत ऐकलेल्या धवळ्याचं मूळ खाडीपलीकडच्या गावातही असू शकतं.

घरात हळद असेल, तर धवलारणीची परवानगी घेऊन मोबाइलवर तिचा आवाज टिपा. डीजे सुरू होण्याआधी.