राजघाटावरचा अमेरिकन यात्रेकरू

१० फेब्रुवारी १९५९ रोजी दिल्लीच्या पालम विमानतळावर तीस वर्षांचा एक अमेरिकन धर्मोपदेशक उतरला. सोबत पत्नी कोरेटा आणि चरित्रकार लॉरेन्स रेडिक होते. मार्टिन ल्यूथर किंग हे नाव येथील वृत्तपत्रवाचकांस तेव्हा अपरिचित नव्हते. माँटगोमेरी शहरात बसगाडीतील आपली जागा गोऱ्या उतारूस देण्याचे रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी १ डिसेंबर १९५५ रोजी नाकारले. त्यांस अटक झाली, आणि तेथील कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसगाड्यांवर बहिष्कार घातला. किंग यांच्या घरावर बाँब पडला, तरी प्रतिकार शांततेचाच राहिला. अखेर न्यायालयाने गाड्यांतील वर्णभेद अवैध ठरविला.

हे साधन गांधीजींचे. म्हणून राजघाटावर पुष्पचक्र वाहणारे किंग, इतर देशांत आपण प्रवासी आणि भारतात यात्रेकरू, असे म्हणत. परंतु या तीर्थक्षेत्री त्यांना आरसाही दिसला. पंतप्रधान नेहरूंशी बोलताना अस्पृश्यतेचा विषय निघाला. महाविद्यालयातील एका जागेसाठी उच्चवर्णीय आणि अस्पृश्य असे दोघे आल्यास ती अस्पृश्यास द्यावी लागते, हे ऐकून रेडिक यांनी विचारले, हाही भेदभावच नव्हे काय? असेलही, नेहरू उत्तरले, पण शतकानुशतकांच्या अन्यायाचे हे आमचे प्रायश्चित्त आहे. १९६४ मधील आपल्या ग्रंथात किंग यांनी हा संवाद मुद्दाम नोंदविला.

महाडच्या तळ्याची आठवण असलेल्या मराठी माणसास माँटगोमेरीची बस दूरची वाटू नये. डॉ. आंबेडकरांनी तर १९४६ मध्येच कृष्णवर्णीय विद्वान ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे त्यांच्या समाजाने मांडलेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या होत्या. किंग यांची आणि त्यांची भेट मात्र व्हावयाची नव्हती. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतच बाबासाहेबांचे निधन झाले; बहिष्कार विजयी होऊन संपला तो त्यानंतर दोनच आठवड्यांनी.

९ मार्च रोजी आकाशवाणीवरून निरोप घेताना किंग यांनी भारताने प्रसंगी एकट्यानेही शस्त्रत्याग करावा असे सुचविले. ती सूचना तशीच राहिली. अस्पृश्यतेचा धडा मात्र ते बरोबर घेऊन गेले. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य बांधव अशी करून दिली, तेव्हा ते प्रथम चपापले, काहीसे दुखावलेही. १९६५ साली अटलांटातील आपल्या चर्चमध्ये ही हकीकत सांगून ते म्हणाले की, होय, मी अस्पृश्य आहे, आणि अमेरिकेतील प्रत्येक कृष्णवर्णीय अस्पृश्यच आहे.