डिफरन्शियल का केकाटतं?

भरलेली पिकअप ताशी साठच्या वेगाला आली, की कधीकधी मागून बारीक ‘हूंऽऽ’ ऐकू येतं. आधी टायर बघा. असमान झिजलेले टायरही असेच आवाज करतात, पण रस्ता बदलला की त्यांचा सूर बदलतो. डिफरन्शियलचा सूर बदलतो तो ॲक्सिलरेटरवर. पाय दाबल्यावर शिट्टी, काढल्यावर गप्प (किंवा उलट), तर संशय क्राउन-पिनियनवर, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या आणि लहान दंतचक्रांच्या जोडीवर. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखाली बसतो, त्यामुळे दाते फिरता फिरता एकमेकांवर घसरतातही. म्हणून तिथे जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. पाय दाबा की सोडा, वेगाबरोबर घरघर वाढतच गेली तर बहुधा बेअरिंग.

ऑइलची पातळी आणि पिनियन सीलची गळती तपासणं सर्वांत स्वस्त. काढलेल्या ऑइलमध्ये धातूचा कीस चमकला, तर मात्र उघडावंच लागतं. जाड ऑइल ओतून आवाज दाबण्याची युक्ती मला पटत नाही. झीज चालूच राहते. क्राउन-पिनियन जोडीनेच बदलतात, कारण कारखान्यात दोन्ही एकमेकांशी घासून जुळवलेले असतात. बसवताना दात्यांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहतात आणि शिम (पातळ चकत्या) घालून मिलिमीटरच्या शतांशांत फट जुळवतात. इथे घाई झाली, तर नवी जोडीही पहिल्याच फेरीत शिट्टी मारते.