काळ्या मातीच्या गावात बिनमातीचं झाड

सेनगावच्या काळ्या मातीत सोयाबीन येतं, तूर येते, हळद येते. भेट म्हणून आलेलं फॅलेनॉप्सिस ऑर्किड मात्र त्याच कसदार मातीत लावलं की त्याची मुळं गुदमरून सडतात. जावा, फिलिपिन्सच्या पावसाळी जंगलांत हे झाड मातीला शिवतही नाही, फांद्यांना धरून वाढतं. बांडगुळासारखा झाडाचा रस ते पीत नाही. फांदी ही नुसती बसायची जागा. म्हणून कुंडीत पाइनच्या सालीचे, कोळशाचे, नारळाच्या सोडणाचे तुकडे भरतात. कुंडी पारदर्शक प्लॅस्टिकची असेल तर उत्तम, कारण खरी गंमत आतच चालते.

सुकलेलं मूळ रुपेरी दिसतं. त्यावर पाण्याचा फवारा मारा आणि बघत राहा: तुमच्यासमोर ते हिरवं होतं. मुळाभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. पोकळीत हवा असते तोवर उजेड तिथूनच परततो. पाणी शिरलं की आवरण पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. हो, मुळात हरितद्रव्य! मेलेल्या पेशींनी जिवंत मुळाची इतकी चाकरी करावी, याचं मला अजून नवल वाटतं. पाणी कधी घालायचं तेही इथेच कळतं. मुळं रुपेरी झाली की घाला, हिरवी असतील तर थांबा. ‘आठवड्यातून एकदा’ असली ठरीव गणितं सेनगावच्या मे महिन्यात टिकत नाहीत.

पानांचा कारभार तर रात्रपाळीचा. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. हे रात्री घेतं, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा छिद्रं मिटून त्या साठ्यातून अन्न बनवतं. बांधावरचा निवडुंगही हेच करतो. पावसाळी जंगलातल्या झाडाला ही वाळवंटी युक्ती कशाला? कारण उंच फांदीवर पाणी धरून ठेवणारी मातीच नाही. पाऊस थांबला की तिथे कोरड पडते. आपल्या घराघरांतल्या पानफुटीचीही रीत हीच. १८१० च्या दशकात बेंजामिन हाइन या कंपनी सरकारच्या वनस्पतितज्ज्ञाने हिंदुस्थानात पानफुटीची पानं चाखून पाहिली. सकाळी आंबट, दुपारी बेचव! आम्ल रात्री साठतं आणि दिवसा खर्ची पडतं, याचा सुगावा त्याला असा जिभेवर लागला.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा कुंडीला पूर्वेच्या खिडकीशी, पातळ पडद्याआड जागा द्यावी, आणि तीही कूलर चालतो त्या खोलीत. कूलरची ओलसर हवा या झाडाला मानवते. फक्त झोत थेट अंगावर नको. बोअरचं जड पाणी मुळांवर क्षारांचा पांढरा थर चढवतं, त्यापेक्षा पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी सरस. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर शेंडा कुजतो, तेवढं टिपून घ्यावं.

थंडीत मात्र बाजू आपली. तापमान २८ अंशांच्या वर राहिलं की हे झाड नुसती पानं काढत बसतं. काही आठवडे २५ अंशांच्या आत गारवा मिळाला की पानाच्या बगलेतून फुलाचा दांडा निघतो. बाहेरदेशी व्यापारी हरितगृहांत यासाठी हवा यंत्रांनी गार करतात. सेनगावात हिवाळा ते काम फुकट करतो. रात्री पारा १५ च्या खाली निघाला तर कुंडी आतल्या खोलीत घ्यावी.

मग कळ्या येतात. उमलण्याआधी कळी देठावर जवळजवळ अर्धा फेरा घेते, म्हणजे ओठासारखी पाकळी खाली येते आणि कीटकाला उतरायला जागा होते. फूल दोन-तीन महिने टिकतं, कारण ते परागण होण्याची वाट पाहतं. परागण झालं की लवकरच मान टाकतं. घरात असा कीटक येणार कुठून? तेवढा काळ शोभा आपली. दांडा वाळला म्हणून झाड फेकून देणारे लोक पाहिले की जीव हळहळतो. पुढच्या थंडीत तेच झाड पुन्हा फुलतं.

वसमत-अर्धापूरकडून केळीचा घड घरी आला, तर तो मात्र कुंडीपासून लांब ठेवा. पिकत्या केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने न उमललेल्या कळ्याही गळून पडतात.