पहिल्या वॅटची पारख

मुरबाड तालुक्यात आवाज मोठा करणाऱ्या यंत्रांची वानवा नाही. पौषात म्हशाची यात्रा भरते तेव्हा गुरांच्या बाजारापलीकडे पाळणेवाले, मिठाईवाले आणि तमाशाचे तंबू आपापले कर्णे लावून एकमेकांवर मात करत असतात. लग्नसराईत हळदीच्या रात्री साउंडवाल्याच्या टेम्पोतून उतरलेला बेस दोन शेतं ओलांडून पलीकडच्या पाड्यातले पत्रे थरथरवतो. हरिनाम सप्ताहात देवळात मशीन लागते ती वेगळीच. हा सगळा आवाज जमावाचा. दाराआड बसून चार माणसांनी गाणं ऐकावं, यासाठी असलेला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर या भागात तसा विरळाच. ज्याला तो घ्यायचा असतो, तोही दुकानात जाऊन पहिला प्रश्न साउंडवाल्याचाच विचारतो: किती वॅटचा?

या सवयीला इतिहास आहे. आपल्याकडे आवाज वाढवण्याचं तंत्र रुजलं ते सभेसाठी. मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ने काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि गांधीजींच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले. १९४२मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्या प्रकरणात नानिक मोटवाने यांनाही अटक झाली होती. दिल्लीची अहुजा कंपनी १९४०ची. तिची यंत्रं आज गावोगावच्या देवळांत आणि मंडळांत आहेत. या यंत्रांचं काम एकच, शब्द लांब पोचवणं. म्हणून त्यांना एकच चॅनेल पुरतो, तारा दूरवर नेता याव्यात म्हणून १०० व्होल्टची लाइन असते, आणि कर्णा माणसाच्या बोलण्याचा पट्टा तेवढा सांभाळतो. पखवाजाची धुमी किंवा तबल्याचा डग्गा त्यातून नीट येत नाही, आणि सभेत त्याची कुणाला गरजही नसते.

घरात आवाज आला तो रेडिओच्या रूपाने. मर्फीचा कारखाना याच जिल्ह्यात, ठाण्यात होता. तो रेडिओही एकाच स्पीकरचा. दोन स्पीकरमधून गायक मधोमध आणि वाद्यं आजूबाजूला उभी करण्याची कल्पना ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइनने १९३१मध्ये पेटंटसाठी मांडली, आणि स्टिरिओ एलपी बाजारात स्थिरावली ती १९५८च्या सुमारास. मुंबईत तिचा थाट थिएटरात दिसला. १९७५च्या ‘शोले’चा स्टिरिओफोनिक आवाज ज्या मिनर्व्हात पाच वर्षं घुमला, ते थिएटर लॅमिंग्टन रोडवरचं. म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरचं, जिथे आजही ट्रान्झिस्टरपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत सगळं मिळतं. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने कल्याण, लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड, आणि येताना मांडीवर नऊ-दहा किलोचं खोकं. त्यामुळे निवड निघण्याआधी झालेली बरी.

वॅटचा हिशेब

अ‍ॅम्प्लिफायर दोन कामं करतो. सीडी प्लेयरचा सुमारे २ व्होल्टचा किंवा मोबाइलचा त्याहून क्षीण संदेश घेऊन त्याचा व्होल्टेज वाढवतो, आणि मग स्पीकरचा कागद हलवण्यापुरता करंट पुरवतो. ही ताकद तो स्वतः तयार करत नाही. भिंतीतल्या पॉइंटमधून ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या वाटेने आलेली वीज तो गाण्याच्या आकारात सोडतो, एवढंच.

आता गणित. साधारण घरगुती स्पीकरवर संवेदनशीलता ८७ डेसिबल लिहिलेली असते. म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. दहा बाय बाराच्या खोलीत दोन्ही स्पीकरना एकेक वॅट दिला, तर बसल्या जागी ८० डेसिबलच्या आसपास किंवा वर मिळतात. साधं बोलणं ६० डेसिबलचं असतं. ७५ डेसिबलवर मन लावून गाणं ऐकायला पाव वॅटच लागतो. मात्र तबल्याची थाप सरासरीच्या २० डेसिबल वर उडी मारू शकते, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. पाव वॅटचे क्षणभर पंचवीस वॅट होतात. तेवढी शिल्लक मशीनमध्ये हवी. चाळीस वॅट असले की घराचं भागतं. चाळीसचे ऐंशी केले तर ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळण्याइतके. आवाज दुप्पट वाटायचा तर दहापट वॅट लागतात.

खोक्यावरच्या आकड्यांवर तर विसंबूच नये. नव्वदच्या दशकातल्या टू-इन-वनवर ‘पीएमपीओ’च्या नावाखाली हजार-हजार वॅट छापलेले असत. अमेरिकेत असल्याच दाव्यांना आळा घालायला १९७४मध्ये सरकारी नियम करावा लागला. आपल्या हाती त्याहून सोपी कसोटी आहे. व्होल्टेज लपवता येत नाही. पत्त्यांच्या कॅटाएवढे डी-क्लासचे, म्हणजे फारशी वीज वाया न घालवणारे, डबे बरेचदा १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. ८ ओहमच्या स्पीकरला त्यातून गणिताने बावीस-तेवीस वॅटच निघतात, वर शंभर लिहिलं असलं तरी. असेंबल केलेल्या मशीनमध्ये १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर असेल तर दोन्ही बाजूंना सतरा-एक व्होल्ट डीसी मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त अठरा वॅट. २४-०-२४ असेल तर कागदावर सत्तर, प्रत्यक्षात पन्नास-पंचावन्न.

तीन वाटा

पहिली वाट परदेशी कंपन्यांच्या तयार मशीनची. यामाहाचा ए-एस३०१ चॅनेलमागे ६० वॅट देतो, डेनॉनचा पीएमए-६००एनई आणि मरांट्झचा पीएम६००७ ४५, केंब्रिज ऑडिओचा एएक्सए३५ ३५ वॅट. वर पाहिलेल्या हिशेबात यांच्यातला फरक अडीच डेसिबलचाही नाही. म्हणून यांच्यात निवड करताना वॅट सोडून मागची बाजू पाहावी. चौघांनाही रेकॉर्ड प्लेयरसाठी फोनो जोडणी आहे. टीव्हीचा आवाज घ्यायचा तर ऑप्टिकल इनपुट लागेल, आणि मोबाइलवरून वाजवायचं तर डेनॉनमध्ये ब्लूटूथ अंगचंच आहे. कमी वॅटची लाज वाटण्याचं कारण नाही. १९७८च्या नॅड ३०२०वर चॅनेलमागे अवघे २० वॅट लिहिलेले होते, आणि तो जगभर दहा लाखांच्या वर खपला. क्षणिक उसळी आणि अवघड स्पीकर पेलण्याची त्याची ऐपत लिहिल्यापेक्षा जास्त होती, हे त्याचं मर्म.

दुसरी वाट डी-क्लासच्या लहान डब्याची. स्वस्त, थंड, आणि घेतलेल्या विजेचा नव्वद टक्क्यांपर्यंत उपयोग करणारा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकायचं असेल तर हा सोयीचा. त्यातही गोम आहे. स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर मोठ्या ट्रान्सफॉर्मरची मशीन गुरगुरते, डब्याचा अडॅप्टर सहसा निभावतो. दुरुस्तीत मात्र हा डबा नापास. सुईच्या टोकाएवढे सुटे भाग बदलण्यापेक्षा अख्खा बोर्ड बदलणंच परवडतं.

तिसरी वाट असेंबल केलेल्या मशीनची. एकेकाळी २एन३०५५ ट्रान्झिस्टर, मग सान्योच्या एसटीके आयसी, आता तोशिबाची ५२००-१९४३ची जोडी. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या मेकॅनिकला हे सगळं तोंडपाठ असतं. बिघाड झाला तर संध्याकाळपर्यंत मशीन पुन्हा चालू होते. धोका नकली ट्रान्झिस्टरचा. बाहेरून नाव तेच, आत चिप लहान, पहिल्याच लग्नात जळणारी. शिवाय स्पीकरला वाचवणारा रिले अशा मशीनमध्ये अनेकदा नसतोच. मशीन चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येतो, तो या रिलेचा. तो नसेल आणि ट्रान्झिस्टर उडाला, तर सगळा डीसी व्होल्टेज स्पीकरमध्ये शिरतो आणि कॉइल जळते.

कुठलीही वाट धरली तरी स्पीकर बाजूला ठेवून मशीन निवडता येत नाही. म्हशाच्या बाजारात कुणी एकच तगडा बैल पाहून सौदा करत नाही, जोडी जुळते का ते पाहतो. स्पीकर ४ ओहमचा आणि मशीन ८ ओहमपुरतीच असेल, तर करंट दुप्पट मागितला जातो आणि मशीन तापते.

लाइट, पाऊस आणि पाल

शहरात लिहिलेल्या सल्ल्यांत एक गोष्ट नसते, ती म्हणजे गावची वीज. २३० व्होल्टचे संध्याकाळी २०७ झाले तर लोक धास्तावतात. पण दहा टक्के व्होल्टेज उतरल्याने ए-बी क्लासच्या, म्हणजे मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या पारंपरिक मशीनची कमाल ताकद एकोणीस टक्के घटते, म्हणजे एक डेसिबलही नाही. तेवढं कानाला कळत नाही. खरा शत्रू चढलेला व्होल्टेज. पावसाळी वाऱ्यात लाइनचा न्यूट्रल तुटला की एका फेजच्या घरात ४०० व्होल्टच्या आसपास वीज घुसू शकते, आणि मग फ्रिज, टीव्ही, मशीन एका झटक्यात जातात. म्हणून महागड्या तारांवर पैसे घालण्याआधी जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारा कट-ऑफ आणि चांगलं अर्थिंग करून घ्यावं. अर्थिंग ढिलं असेल तर स्पीकरमधून पन्नास हर्ट्झची गुणगुण येते, आणि ती पन्नास हजारांच्या मशीनमधूनही येते.

माळशेजला अडणारा पाऊस चार महिने हवा ओली ठेवतो. व्हॉल्यूमच्या बटणात खरखर, रिलेच्या टोकांवर गंज आणि मग एक चॅनेल मधूनमधून गायब, हे या हवामानाचे नेहमीचे आजार. मशीन उबदार म्हणून पाली आणि मुंग्या वरच्या जाळीतून आत शिरतात, आणि एक पाल सर्किटवर आडवी झाली की फ्यूज उडतो. जाळी बंद करू नये, उष्णता अडकते. मशीन भिंतीपासून सुटी, उंचावर ठेवावी आणि पावसाळ्यात रोज तासभर चालू ठेवावी.

खोलीचंही ऐकावं लागतं. जुन्या कौलारू घरात आवाज कौलांतून, कुडातून झिरपून जातो. स्लॅबच्या घरात फरशी, सिमेंट आणि काच यांवर आपटून तो परत येतो आणि शब्द चिरकतात. तिथे जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचं कपाट जितका फरक करतील, तितका मशीन बदलून होणार नाही.

कानाची परीक्षा

दुकानात दोन मशीन ऐकताना किंचित मोठ्याने वाजणारी नेहमी सरस वाटते. यावर उपाय मल्टिमीटर. एकच सूर चालू ठेवून दोन्ही मशीनच्या स्पीकर-टर्मिनलवर एसी व्होल्ट सारखे करावेत आणि मग ऐकावं. असं केलं की बरेच फरक विरून जातात. १९८५मध्ये बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या परीक्षकांसमोर आपली स्वस्त मशीन एका महागड्या मशीनसारखीच वाजवून दाखवली होती.

उरलेले फरक हळू आवाजात सापडतात. किशोरी आमोणकरांचा १९६७चा भूप किंवा त्याच वर्षीचं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावावं आणि व्हॉल्यूम रात्री घरचे झोपल्यावर ठेवाल इतका खाली आणावा. मग एखादं जुनं, मोनो भावगीत लावावं. मोनोत गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये हवा. बटण खाली आणताना तो एका बाजूला सरकला, तर व्हॉल्यूमच्या बटणामागच्या पॉटचे (पोटेन्शियोमीटरचे) दोन भाग जुळत नाहीत. गाणं थांबवून कान स्पीकरजवळ न्यावा. सूं-सूं किंवा गुणगुण ऐकू आली तर ती रोजची सोबत होणार. तंबोऱ्याची जवारी शेवटपर्यंत ऐकू येते का, हेही याच पातळीवर कळतं.

घरातलं बहुतेक ऐकणं या पाव-एक वॅटमध्ये होतं, म्हणून पैसेही त्याच वॅटसाठी मोजावेत. मुरबाडच्या घरासाठी माझा कौल असा: वॉरंटीतली, चाळीसेक वॅटची, रिले असलेली साधी ए-बी क्लासची मशीन, सोबत व्होल्टेज कट-ऑफ. बजेट तोकडं असेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून अस्सल ट्रान्झिस्टर घालून, २४-०-२४च्या ट्रान्सफॉर्मरवर बांधून घेतलेली. उरलेले पैसे स्पीकरवर. आणि हळदीला साउंडवाला आहेच, त्याचं काम त्याच्यावर सोडावं.