नशा चालकाची, बिल जखमीचे

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने कुणाला उडवले, की आसपासचे लोक हमखास म्हणतात, ‘प्यायलेला होता, आता इन्शुरन्सचा पैसा मिळायचा नाही.’ चालकापुरते हे बहुतांशी खरे आहे. जखमीच्या घरच्यांनी मात्र हे ऐकून हातपाय गाळू नयेत. एकाच पॉलिसीत दोन निरनिराळे विमे असतात, हे आपल्या ध्यानात येत नाही. गाडीच्या नुकसानीचा विमा हा मालक आणि कंपनी यांच्यातला व्यवहार. ‘थर्ड पार्टी’ विमा मात्र रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी आहे. म्हणूनच १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार तो सक्तीचा आहे. उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, पुढे लागणारी शुश्रूषा हे सारे जखमीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मागता येते.

पहिल्या व्यवहारात कंपनीने हात आखडला तर त्यात अन्याय नाही. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ साली एका पोर्शे गाडीला अपघात झाला. चालक नशेत होता म्हणून कंपनीने गाडीची भरपाई नाकारली आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिची बाजू उचलून धरली. अट मालकाने मान्य केली होती, मोडली तर फळ त्याने भोगावे. पण पादचाऱ्याने कुठल्या अटीवर सही केली होती? २०१९च्या दुरुस्तीने कायद्याच्या कलम १५०मध्ये मद्यपानाचा उल्लेख आला आणि कंपनीला न्यायाधिकरणापुढे हा बचाव मांडण्याची वाट खुली झाली. माझ्या मते हा बचाव कंपनी आणि मालक यांच्यातच राहिला पाहिजे. आधी कंपनीने जखमीला द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे, ही रीत न्यायालयांनी परवान्याच्या वादांत पूर्वीच घालून दिली आहे. दुरुस्तीआधीच्या एका अपघातात चालक नशेत असूनही केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली हाच मार्ग धरला.

यावर विचारले जाते, अशाने बेवड्याचे फावणार नाही का? नाही, कारण पैसे त्याला मिळतच नाहीत. कलम १८५चा खटला त्याच्यावर चालतोच. शंभर मिलिलीटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल सापडले, तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. वर कंपनीची वसुली मालकाच्या मागे लागते. गाडी चालवणारा स्वतः मालक असला आणि जखमी झाला, तरी त्याच्या सक्तीच्या पंधरा लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यातून हॉस्पिटलचे बिल भागत नाही. तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतो, आणि नशेतल्या अपघाताला तोही वगळतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मालक कफल्लक निघाला तर वसुली बुडेल आणि तो बोजा प्रामाणिक हप्ता भरणाऱ्यांवर येईल. येईल, थोडा. पण तो हजारो हप्त्यांत वाटला जातो. तोच बोजा जखमीवर टाकला, तर एकाच घराला जमीन किंवा दागिने विकावे लागतात. विमा नावाची व्यवस्था माणसाने उभी केली तीच मुळी हे टाळण्यासाठी.

खरी उणीव वेळेची आहे. दाव्याचा निकाल लागायला वर्षे जातात. हॉस्पिटल अनामत रक्कम आज मागते. २०२५च्या मे महिन्यात केंद्राने कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. तिच्यात अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात. पहिल्या तासांसाठी ती मोलाची आहे, पण डोक्याला मार लागलेला माणूस सातव्या दिवशी क्वचितच उठून घरी जातो. तिथून पुढे थर्ड पार्टी विम्याचाच आधार. चालक प्यायलेला होता म्हणून कुणी परत पाठवले, तरी घरच्यांनी एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि औषधाची प्रत्येक पावती सांभाळून न्यायाधिकरणाकडे जावे. कायद्याने या अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे.